सहाव्या खिशावरची चिठ्ठी

मी एक जुना आल्बम आहे. थांबा मित्रांनो, लगेच फोटो शोधू नका. माझ्या पोटात फोटो कधी नव्हतेच. मी गाण्यांचा आल्बम. आता तुमची गाणी कुठून येतात आणि कुठं राहतात हे मला काही उमगत नाही. आमच्या वेळी गाणं म्हणजे एक काळी, जड, थाळीएवढी तबकडी असायची. एका बाजूला तीन मिनिटांचं एक गाणं, उलटी केली की दुसरं. हातातून निसटली की खळ्ळकन तुकडे. म्हणून त्या तबकड्या सांभाळायला पुस्तकासारखा बांधलेला, जाड खिशांचा एक गडी लागायचा. तो गडी म्हणजे मी.

गिरगावातल्या एका बाइंडरनं मला पंचावन्न साली बांधलं. त्याच्याकडं एरवी पोथ्या यायच्या, नकाशांची पुस्तकं यायची. मला शिवताना तो सारखा पुटपुटत होता, "अक्षर नाही, चित्र नाही, कसलं हे पुस्तक!" मला जन्मतःच हे ऐकावं लागलं, पण जाऊ द्या. कापड मात्र त्यानं झकास लावलं होतं, तांबडं. आत तपकिरी कागदाचे सहा खिसे, आणि प्रत्येक खिशाला मधोमध गोल भोक, तबकडीवरचं नाव दिसावं म्हणून. मला डिंकाचा छान वास यायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं माझा वास पार बदलला आणि काही केल्या गेला नाही.

माझे मालक मनमोहन धैर्यवान. मुगभाटात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बायको सुमतीबाई, आणि चार वर्षांची उर्मिला. जातीनं पाठारे प्रभू. पणजोबांच्या म्हणे नारळाच्या वाड्या होत्या. मनमोहनरावांपर्यंत फक्त आडनाव आणि मासे खायची हौस येऊन पोचली होती. ते माझगावच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून गासड्या उतरायच्या आणि हे कागदावर रेघा मारायचे. माणूस मऊ, हळू बोलणारा, पण एकदा मनानं घेतलं की ऐकायचा नाही.

एकदा एका अमेरिकन बोटीचा आचारी धक्क्यावर बसून त्यांच्या डब्याकडं बघत होता. जोनास त्याचं नाव, काळाभोर, सहा फूट उंच. डब्यात सुमतीबाईंच्या हातचं बोंबलाचं भुजणं होतं. मनमोहनरावांनी अर्धं पुढं केलं. त्यानं खाल्लं, बोटं चाटली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची ताटली घेऊन हजर. बोट नऊ दिवस होती. नऊ दिवस सुमतीबाई दुप्पट भुजणं करत होत्या आणि विचारत होत्या, "अहो, तुम्हाला हल्ली भूक फार लागते का हो?"

जाताना जोनासनं सहा तबकड्या त्यांच्या हातात ठेवल्या. ह्या गाण्यांना ब्लूज म्हणतात, तो म्हणाला. त्याच्या मुलखातल्या, कापसाच्या शेतांत राबलेल्या माणसांची ही गाणी. आणि त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली. नवख्या माणसाला सगळ्यात दुःखाची तबकडी आधी ऐकवायची नाही. आधी हसवायचं, मग पाय हलवायला लावायचं, मग हळूहळू आत न्यायचं. सहाही तबकड्यांचा क्रम त्यानं बोटांवर मोजून दिला.

त्या क्रमासाठीच माझा जन्म झाला, मित्रांनो. मनमोहनरावांनी माझ्या प्रत्येक खिशावर आपल्या वळणदार अक्षरात एकेक चिठ्ठी डकवली. पहिलीवर लिहिलं, "आधी ही. माणूस कुत्र्याशी भांडतो आहे. हसू आल्यास हसावे." दुसरीवर, "बाईचा आवाज. स्वयंपाक चालू असता लावावी." तिसरी तोंडानं वाजवायच्या बाजाची होती, तिच्यावर लिहिलं की पाय हलू लागल्यास हलू द्यावा. चौथीत कुणी तारेवर काच घासून सतार रडावी तसं वाजवलं होतं. तिच्यावर "तबकडी खराब झाली आहे असे समजू नये," अशी सूचना. पाचवीत वाद्यच नाही, नुसता गळा. "मध्ये बोलू नये." आणि सहावीवर त्यांनी पुष्कळ वेळ टाक तसाच धरून ठेवला आणि मग लिहिलं, "सगळ्यात शेवटी. नवख्याला एकट्याने ऐकू देऊ नये."

एवढी तयारी झाली. आता ऐकणारा हवा!

पहिला नवखा म्हणजे सुमतीबाई. पहिली तबकडी संपायच्या आत त्या म्हणाल्या, "ह्याच्या घशाला काय झालंय? सुंठ-साखर द्या त्याला." मग वरच्या मजल्यावरचे चिंतामणी आले. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले कार्यकर्ते, खिशात कायम मोर्च्याची पत्रकं. चहा होईपर्यंत ऐकलं, चहा झाल्यावर म्हणाले, "मनमोहन, इथं मुंबई हातची जायची वेळ आलीय आणि तू अमेरिकेची रडगाणी काय लावतोस?" सुमतीबाईंचे भाऊ गुरुदत्त दारातूनच म्हणाले की रेकॉर्ड उलटी लावलीय. गोदीतले दोघं येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना तर चौथ्या तबकडीला झोप लागली, आणि ते घोरायला लागल्यावर मनमोहनरावांनी ग्रामोफोनला चावी भरणं सोडून दिलं.

मला फार वाईट वाटायचं. ते दर रविवारी एकटेच बसायचे. एकेक तबकडी काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, लावायचे, परत ठेवायचे. मला त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलं नाही. उर्मिलेनं नुसतं बोट लावलं तरी "अंहं" व्हायचं. एवढं जपलेलं कुणाला आवडणार नाही? पण खोटं कशाला बोलू, मला कधीकधी वाटायचं, ह्या माणसाशेजारी बसून कुणीतरी एकदा तरी सहावीपर्यंत टिकावं.

छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव पेटलं. खिडकीतून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशा आरोळ्या यायच्या, मग गोळ्यांचे आवाज, मग जिन्यावर धावणारी पावलं. चिंतामणींना पकडून नेलं. आणि एका सकाळी संचारबंदी जाहीर झाली तेव्हा तुळसा नेमकी आमच्या जिन्यात होती.

तुळसा म्हणजे धैर्यवानांची नेहमीची कोळीण. माझगावच्या कोळीवाड्यातून डोक्यावर पाटी घेऊन यायची. "वयनीबाय, बाहेर पोलीस हाईत, मना आत घ्या," असं म्हणत ती पाटीसकट आत आली आणि सुमतीबाईंनी दाराला कडी लावली.

तिच्याबद्दल तुम्हाला सांगायला हवं. तुळसा साधी कोळीण नव्हती, ती कोळीवाड्याची धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गातात, देवांना आणि गेलेल्या वाडवडलांना गाण्यातून नाव घेऊन बोलावतात. ते गाणारी ती धवलारीण. तुळसाची आई तेच करायची, आजी तेच. पण आदल्या वर्षी नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच खेपेला तिचा थोरला मुलगा बुधाजी होडीवरून वाहून गेला. होडी आली, नवरा विठोबा आला, बुधाजी आला नाही. तेव्हापासून तुळसानं गाणं टाकलं. लेक गुणवंतीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि गुणवंतीनं आईला साफ सांगितलं होतं, "आय, तू गाशील तं मी पाटावर बसंन. दुसरी कोन आनशील तं नाय बसायची." हे सगळं त्या सकाळी कोळंबी सोलता सोलता तुळसानं सुमतीबाईंना सांगितलं. "बोलवायचं तं सगल्यांची नावा घ्यायला लागतान, वयनी. माज्या बुधाजीचं नाव मी गेलेल्यांत कसा घेऊ? माजा गला बंद हाय."

सुमतीबाईंनी चहा टाकला. बाहेर सगळं चिडीचूप. मनमोहनरावांना कामावर जाता येईना, घरात करमेना. त्यांनी मला खाली काढलं आणि बायकोच्या डोळ्यांकडं न बघता पहिली तबकडी लावली.

तुळसा ऐकता ऐकता खुदकन हसली. "ह्यो कुनाला शिव्या देतंय?"

"कुत्र्याला," मनमोहनराव म्हणाले.

"मना वाटलाच. बायकोला देनारा येवढा प्रेमान नाय देत."

मनमोहनराव ताठ बसले. कुणीतरी हसलं होतं! दुसरी झाली, तिसरीला तुळसाचा पाय हलला, चौथीला ती म्हणाली, "वारा लागल्यावर शिडाची दोरी अशीच कुरकुरताय." पाचवीला तिच्या हातातली कोळंबी थांबली आणि ती एक शब्द बोलली नाही. खिशावरची चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती, तरी.

मग सहावी. तीत एक माणूस हाक मारतो आणि थांबतो. तो थांबला की तार वाजते, जणू उत्तर देते. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं, पुन्हा तार. तुळसा उठून उभी राहिली. कोळंबीचे हात पदराला पुसायचंही तिला सुचलं नाही.

"भाऊ, ह्याचा कोन गेलाय पान्यान?"

मनमोहनराव थक्क झाले. त्या गाण्यात नदीला पूर येतो आणि पलीकडच्या काठावर राहिलेल्या लेकाला बाप हाका मारतो, हे जोनासनं त्यांना सांगितलं होतं. पण तुळसाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. "तुळसाबाई, तुम्हाला कसं कळलं हो?"

"पान्यावरची हाक हाय ही," ती म्हणाली. "जमिनीवर कोन असा थांबत नाय. पान्यावर हाक मारली का थांबायला लागताय, पलीकडून आवाज येताय का बघायला. मी तीन दिस थांबले व्हते धक्क्यावर." आणि ती तिथंच खाली बसून रडली. सुमतीबाई तिच्याजवळ बसल्या. तोवर गाणाऱ्याला सुंठ-साखर द्या म्हणणाऱ्या सुमतीबाईंनी तबकडी संपल्यावर स्वतः उठून ती पुन्हा लावली.

त्या दिवसानंतर तुळसा मासे विकून झाले की आमच्याकडं थांबायची. सहावी ऐकायची आणि जायची. कधी कधी गुणवंती बरोबर असायची. तिचं लक्ष गाण्याकडं नसायचं, आईच्या तोंडाकडं असायचं. एक दिवस तिनं मनमोहनरावांना जिन्यात गाठलं. "काका, आय ऐकताना व्हठ हलवते. तुमच्या घरान ती गायाची नाय, लाजते. आमच्या जमातीच्या खोलीन चावीचा फोनो हाय. आठ दिस तबकड्या द्या ना. माझा लगीन हाय, काका."

आता बघा, मला कुणी बोटही लावलेलं ज्यांना चालत नव्हतं, त्या माणसाकडं हे मागणं! मनमोहनराव हो म्हणेनात, नाही म्हणेनात. रात्री जेवताना सुमतीबाईंनी भात वाढता वाढता विषय संपवला. "नवख्याला ऐकवायच्या म्हणून चिठ्ठ्या लिहिल्यात ना? मग द्या की. का त्या नुसत्या डकवायला लिहिल्या होत्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं आणि तुळसाच्या हातात दिलं. "सांभाळा हं," एवढंच म्हणाले. "जिवापाड," ती म्हणाली. आणि मित्रांनो, तिनं खरोखरच मला जिवापाड सांभाळलं. तिथंच तर घोळ झाला.

कोळीण मौल्यवान वस्तू कुठं ठेवणार? डोक्यावर, पाटीत, सगळ्यात सुरक्षित जागी. पाटी रिकामी होती खरी, पण तळाशी बर्फाचं आणि माशांचं पाणी होतं. मुगभाटापासून माझगावपर्यंत मी त्यात भिजत गेलो. पंचा भिजला, कापड भिजलं, डिंक सुटला. घरी पोचून तिनं मला उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या तबकड्यांना पापलेटचा वास! "आता भाऊला कसा तोंड दाखवू?" म्हणत तिनं एकेक तबकडी गोड्या पाण्यानं धुतली, आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसली. इथवर ठीक होतं. पुढं तिनं जे केलं ते कोळीवाड्यातल्या कुणीही केलं असतं. ओलं झालं की उन्हात घालायचं, हा तिला जन्मापासून मिळालेला धडा. बोंबील, जवळा, जाळी, कपडे, सगळं उन्हानं चांगलं होतं. अंगणात सुकायला घातलेल्या बोंबलांशेजारी तिनं स्वच्छ चटई अंथरली, तिच्यावर सहा तबकड्या ओळीनं मांडल्या, मला कडेला उभं केलं, कावळे येऊ नयेत म्हणून वर जुनं जाळं घातलं, आणि समाधानानं कामाला लागली.

चैत्रातलं ऊन, मित्रांनो! मला तोंड असतं तर मी गिरगावापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो. पण आल्बमला कान असतात, तोंड नसतं. माझ्या डोळ्यांदेखत पहिली तबकडी कडेनं वर उचलली गेली. दुसरी मधोमध दबली. तिसरी, चौथी आणि पाचवी तर भाजलेल्या पापडासारख्या वळल्या. सहावीवर दुपारी पाटीची सावली आली म्हणून ती बिचारी थोडक्यात वाचली, पण तिलाही लाट आलीच.

विठोबानं आधी बघितलं. "आगो तुळशे, ह्या मेनाच्या हाईत का काय?"

तुळसा धावत आली आणि चटईशी बसली. तिनं त्या गरम तबकड्या हातानं दाबून सरळ करायला बघितल्या तेव्हा पाचवी तिच्या हातातच तडकली. मला तिचा राग यायला हवा होता. खरं सांगतो, नाही आला. तिचा चेहरा बघवत नव्हता.

त्यानंतर ती गिरगावात गेलीच नाही. मला आणि तबकड्यांना तिनं नव्या लुगड्यात बांधून ट्रंकेखाली ठेवलं. आणि जे ओठ हलायला लागले होते तेही थांबले. गुणवंती म्हणायची, "आय, जाऊन सांगून टाक ना." ती म्हणायची, "माज्या हातान जो दिला तो मी घालवला. मी कनच्या तोंडान देवाला बोलवू?"

लग्न आलं. हळदीच्या दिवशी दुपारी अंगणात मांडव, सगळा कोळीवाडा जमलेला, वाजंत्री बसलेली. आणि गुणवंती पाटावर बसायला तयार नाही! वरळीहून दुसरी धवलारीण बोलवायला माणूस पाठवायचा का, अशी विठोबाची आणि जमातीच्या पाटलाची कुजबुज चालली होती. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी मनमोहनराव, सुमतीबाई आणि नटलेली उर्मिला उभी. तुळसानं हळदीचं आमंत्रण फार आधी, तोंडीच दिलेलं होतं. पंधरा-वीस दिवस तुळसा फिरकली नाही तेव्हा सुमतीबाई म्हणाल्या होत्या, "आमंत्रण दिलंय ना? मग जायचं. आजारीबिजारी असेल तर तिथंच कळेल."

तुळसा आत गेली, मला घेऊन आली, आणि सगळ्यांच्या देखत मनमोहनरावांच्या पायांशी ठेवलं. "भाऊ, मना मारा, शिव्या द्या, पन गप नका राहू."

मनमोहनरावांनी गाठ सोडली. माझा वास आला तसे ते थोडे मागं सरले. मग त्यांनी एकेका खिशातून तबकडी काढून बघितली. वाकडी. वाकडी. पाचवी दोन तुकडे. ते उठले, मांडवातून बाहेर गेले आणि गोदीच्या क्रेनांकडं तोंड करून एका उलट्या होडीवर बसले.

सुमतीबाई मागोमाग गेल्या. मी मांडवाच्या तोंडाशीच पडलो होतो, मला सगळं ऐकू आलं.

"रागावलात?"

"सुमती, जोनास काही परत यायचा नाही. त्या पुन्हा मिळणार नाहीत गं."

"नाहीच मिळणार," त्या म्हणाल्या. "पण एक विचारू? तुम्ही किती जणांना ऐकवल्यात? मी धरून सगळे पळाले. एकटी ही थांबली. जी थांबली तिच्यावरच रागवायचं का?"

मनमोहनराव होडीवरून उठले. मग पंच्यानं तोंड पुसलं, आत आले आणि विठोबाला म्हणाले, "तो फोनो कुठाय? बाहेर आणा जरा."

फोनो आला. चावी भरली. त्यांनी सहावी लावली. सुई लाटेवर होडी चढावी तशी चढली आणि उतरली. घरघर झाली, आणि त्या गोंगाटातून त्या माणसाची हाक आली. मग तो थांबला, आणि आता तार वाजणार, तोच सुई घसरून मागं आली. पुन्हा हाक. पुन्हा थांबणं. पुन्हा सुई मागं. उत्तर येईच ना! सगळा मांडव ऐकत होता. तो बाप हाका मारत होता, मारतच होता, आणि पलीकडून कुणी काही बोलत नव्हतं. मनमोहनरावांनी सुई उचलायला हात पुढं केला.

"राहू दे भाऊ," तुळसा म्हणाली.

हाक आली. तो थांबला. आणि सुई मागं यायच्या आत, तारेनं जे उत्तर द्यायचं त्याच सुरात, तुळसानं गळा उघडला. "बुधाजी रं, आय हितंच हाय."

पुन्हा हाक. "दार उघडा हाय रं, तुजी बहीन पाटावर बसताय." पुन्हा हाक. "सगली आयली, तू पन ये, माज्या बाला." ती रडत होती आणि गात होती. सूर कुठं हलत नव्हता. विठोबानं तोंड फिरवून घेतलं. गुणवंती उठली, गुपचूप जाऊन पाटावर बसली, आणि तिनं हळदीसाठी हात पुढं केले.

फोनोची चावी संपली. तबकडी थांबली. तुळसा थांबली नाही. त्याच श्वासात तिनं धवला धरला, गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं, आपल्या आईला आणि आजीला बोलावलं, आणि त्यांच्या मागोमाग बुधाजीचं नाव घेतलं. वाजंत्र्यांनी ताल उचलला. पाच वर्षांची उर्मिला नाचायला लागली, तिला काय कळतंय! आणि मनमोहनराव? ते मला मांडीवर घेऊन बसले होते, माशाच्या वासासकट, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तांबड्या कापडावर पडत होतं. आधीच भिजलेला मी, आणखी थोडा भिजलो.

जाताना तुळसानं सहावी परत द्यायला काढली. ते म्हणाले, "ती राहू दे इथं. माझ्याकडं ती अर्धीच वाजेल."

घरी आल्यावर त्यांनी माझे उसवलेले खिसे खळीनं चिकटवले. चार वाकड्या तबकड्या आणि पाचवीचे दोन तुकडे माझ्यात परत ठेवले. मग सहाव्या, रिकाम्या खिशावरची चिठ्ठी पाण्याचं बोट लावून काढली आणि नवी लिहिली. "सगळ्यात शेवटी. ही माझगावला, तुळसाबाईंकडे ऐकावी."

आणि लोक गेले बरं का! तुरुंगातून सुटलेले चिंतामणीसुद्धा गेले, आणि परत आल्यावर चहा न मागता बसून राहिले. साठ साली एक मेला महाराष्ट्र झाला तेव्हा मुगभाटात रोषणाई होती, आणि चाळीच्या चौकात गायला तुळसा आली होती. तिनं त्या आंदोलनात गेलेल्यांनाही धवल्यात बोलावलं. तिला त्यांची नावं चिंतामणींनी पाठ करून दिली होती.

मित्रांनो, आता मी उर्मिलाबाईंच्या कपाटात असतो. पंचाहत्तरीच्या त्या आजी आहेत. मला अजून पापलेटचा वास येतो, त्यांची नातवंडं नाकं मुरडतात. तुम्हाला माझं सांगणं थोडकंच आहे. काळी तबकडी हाती आली तर तिला उन्हात घालू नका, आणि पाटीत तर मुळीच नको! पण तिला एवढंही जपू नका की ती ऐकायला कुणी उरणारच नाही. मला वीस दिवस कुणाला दिलं तेव्हा मी मोडलो, हे खरं. पण त्याआधी वर्षभर मी जपून ठेवलेला, नुसता एकटा होतो.

सहाव्या खिशावर ती चिठ्ठी अजून आहे. "तुळसाबाईंकडे" ह्या शब्दांवर एक रेघ आहे, तुळसा गेली त्या वर्षी मनमोहनरावांनी मारलेली. खाली त्यांच्याच कापऱ्या अक्षरात "गुणवंतीकडे" असं आहे. त्यावरही रेघ आहे, ती गुणवंती गेल्यावर उर्मिलाबाईंनी मारलेली. ती मारून त्यांनी मला पिशवीत घातलं आणि टॅक्सीनं माझगावला नेलं. गुणवंतीच्या नातीला समोर बसवून त्यांनी ऐकलं, तबकडीची हाक आणि त्या मुलीच्या गळ्यातलं उत्तर, पुरं. मग पर्समधून पेन काढून त्या मुलीलाच म्हणाल्या, "बाळ, तुझं नाव तूच लिही."